जुने लष्करी गणवेश परवडणाऱ्या किमतीत कसे जमवायचे? नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवळाली कॅम्पाच्या शेजारी राहून फौजी कपड्यांचं वेड लागलं नाही तरच नवल. गेली बरीच वर्षं मी जुने शर्ट, पट्टे, बिल्ले, कोट जमवतो आहे आणि शाळांच्या चित्ररथांना, छोट्या चित्रपटांना, ऐतिहासिक प्रसंग उभे करणाऱ्या मुलामुलींना मदत करतो आहे. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सुरुवात करायची आहे. पहिली वस्तू कोणती घेऊ?

पूर्ण गणवेशाच्या मागे लागू नका. एक अंगोला शर्ट घ्या. लोकर आणि सूत मिसळून विणलेला हा शर्ट आपल्या फौजेत आणि एनसीसीत इतकी वर्षं चालला की नाशिकरोड-देवळालीच्या कितीतरी घरांत एखादा पडलेला असतो. किंमत फार नसते आणि हाताळून शिकायला मिळतं ते पुष्कळ: शिलाई कशी, बटणं कशी, शिक्का कुठे मारलेला असतो, कापड उजेडात धरल्यावर कसं दिसतं. असे चार-पाच शर्ट हाताखालून गेले की महागडी वस्तू समोर आल्यावर फसगत होत नाही. सगळ्यात महाग पडतं ते अज्ञान. मी पहिल्या वर्षी घालवलेले पैसे बहुतेक त्यातच गेले.

नाशिकमध्ये नेमकं शोधायचं कुठे?

गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, भरणाऱ्या बुधवारच्या बाजारापासून सुरुवात करा. जुने कपडे मांडून बसणाऱ्यांकडे ढिगात हात घालायची तयारी हवी. खाकी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. त्यातली बरीचशी एसटीच्या कंडक्टरची, पोस्टमनची, होमगार्डची किंवा पोलिसांची असते. लष्कराने स्वातंत्र्यानंतर खाकी सोडून ऑलिव्ह ग्रीन धरला, ज्याला सगळे ओजी म्हणतात. त्यामुळे नंतरच्या काळातली खाकी बहुधा लष्कराची नसते, हे डोक्यात पक्कं ठेवा.

दुसरी जागा भद्रकालीतली आणि जुन्या नाशकातली भंगाराची दुकानं. तिथे कापड क्वचित मिळतं. पितळी बकला, पाण्याच्या बाटल्या, जाड पट्ट्याचे तुकडे मात्र मिळतात. भंगारवाला पितळ वजनावर घेतो आणि वितळवायला पाठवतो. त्याआधी तुम्ही पोहोचायचं असतं. एकदा चहा पिऊन ओळख करून ठेवा, फोन नंबर द्या. माल आला की तोच कळवतो.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची जागा म्हणजे बोहारीण. आपल्याकडचे किती गणवेश स्टीलच्या डब्याच्या बदल्यात गेले असतील याचा विचार करून जीव हळहळतो. माळ्यावरची ट्रंक दिवाळीच्या साफसफाईत निघते, आजोबांचा कोट कोणाला होत नाही, आणि दारात बोहारीण उभी असते. आमच्या भागात फिरणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवलंय: जाड लोकरीचं, पितळी बटणांचं काही आलं तर बटणं कापायच्या आधी मला दाखवा. त्या दाखवतात आणि मी त्यांना विकून मिळाले असते त्याहून जास्त पैसे देतो. आजवरच्या माझ्या सर्वोत्तम तीन वस्तू अशाच आल्या.

जमल्यास पुण्याचा जुना बाजार बघा, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईच्या चोरबाजारात सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून जाऊन येता येतं, पण तिथे भाव ऐकून घ्यायला जा, पहिल्या फेरीत खरेदी करू नका. आणखी एक सोपी जागा लोक विसरतात: जुनी नाणी विकणारे. त्यांच्याकडे नाण्यांच्या डब्यात तळाशी बटणं, बिल्ले, खांद्यावरची पितळी अक्षरं पडलेली असतात, आणि नाण्यांच्या मानाने त्यांना त्याची फिकीर कमी असते.

देवळालीत तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला तोफखाना केंद्र. मग तिथलाच वापरून काढलेला माल का मिळत नाही?

मिळू नये हेच बरोबर आहे. सध्या वापरात असलेल्या गणवेशाचा आणि आपल्या छंदाचा काही संबंध नको. सैन्याचा १५ जानेवारी २०२२ ला समोर आलेला नवा ठिपक्यांच्या नक्षीचा कॉम्बॅट ड्रेस खुल्या बाजारात विकायला परवानगी नाही. त्या आधीचा कॉम्बॅटही घेऊ नका, घालू तर मुळीच नका. कंडम झालेला सरकारी माल लिलावाने जातो, पण तो मोठ्या लॉटमध्ये, भंगाराच्या व्यापाऱ्यांकडे. तुमच्या-माझ्यासाठी ती वाट नाही.

कॅम्पातल्या बाजारपेठेतले जुने मिलिटरी टेलर मात्र मोठा ठेवा आहेत. त्यांच्याकडून कपडे मिळोत न मिळोत, माहिती मिळते. कोणत्या दशकात कॉलर कशी होती, खिशाचं झाकण सरळ की टोकदार, हे त्यांच्या हाताला आठवतं. निवांत वेळी जा, दुपारी तीन-चारच्या सुमारास.

जुना गणवेश अंगात घालणं गुन्हा आहे का?

भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ वाचा. सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने तसा पोशाख घातला किंवा तशी खूण बाळगली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी दंडसंहितेत हेच कलम १४० होतं. मुद्दा हेतूचा आहे. रंगमंचावर किंवा चित्ररथावर १९१६ सालचा शिपाई उभा करणाऱ्याचा हेतू फसवण्याचा नसतो.

तरी आपलं गाव छावणीचं गाव आहे, आणि इथे सुरक्षेकडे डोळ्यात तेल घालून पाहिलं जातं. म्हणून मी सगळ्यांना चार गोष्टी पाळायला लावतो. गणवेश पिशवीत न्यायचा, कार्यक्रमाच्या ठिकाणीच घालायचा आणि तिथेच उतरवायचा. तो घालून दुचाकीवरून लामरोडने हिंडायचं नाही. छावणीच्या हद्दीत फोटो काढायचे नाहीत. आणि कार्यक्रम उघड्यावर असेल तर जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं. एका गटाने हे केलं नाही, आणि सातपूरजवळ त्यांची गाडी दोन तास अडवली गेली. चूक त्यांचीच होती.

विक्रेता म्हणतो, शर्ट दुसऱ्या महायुद्धातला आहे. खरं कसं ओळखायचं?

आधी कापड. टेरीकॉट असेल तर प्रश्न तिथेच मिटला, महायुद्धात टेरीकॉट नव्हतं. आतल्या शिवणीतला एक सुटा धागा काढून जाळा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, सूत कागदासारखं जळून राख होते, आणि कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. वेल्क्रो दिसलं तरी तेच.

मग दोरा. अंधाऱ्या खोलीत, नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली शिवण धरा. नव्या काळातला दोरा निळसर पांढरा चमकतो. एक सावधगिरी: जुना अस्सल शर्ट कोणी निरमा-सर्फात धुतला असेल तर तोही चमकतो, कारण पावडरीतली चकाकी कापडात बसते. म्हणून फक्त दोरा चमकतोय की सगळं कापड, हे पाहा. दोराच तेवढा चमकत असेल तर शंका घ्या.

मग शिक्के. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण असते, आणि हिंदुस्थानात स्वीकारलेल्या मालावर त्या बाणाखाली इंग्रजी आय अक्षर. सोबत वर्ष आणि बनवणाऱ्याचं नाव किंवा आद्याक्षरं. शाहजहानपूरचा सरकारी कपडे कारखाना १९१४ पासूनचा, चेन्नईजवळच्या ‘आवडी’ या गावातला १९६१ चा. तेव्हा आवडी कारखान्याचा शिक्का असलेला कोट कोणी ब्रह्मदेशच्या लढाईतला म्हणून दाखवला, तर नमस्कार करून पुढे चला.

रंगाचंही बघा. ब्रह्मदेशात आधी खाकी ड्रिल, म्हणजे तिरप्या विणीचं सुती कापड, होती. १९४३ नंतर जंगलात लपायला हिरवी आली. विक्रेत्याची गोष्ट आणि कपड्याचा रंग जुळतात का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

बिल्ल्यांच्या बाबतीत काय?

बिल्ल्यांतच सगळ्यात जास्त बनावट माल आहे, म्हणून नव्या माणसाने तिथे हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुकुट बघायला मात्र शिका. १९०१ ते १९५२ या ब्रिटिश राजांच्या काळातला मुकुट वरून घुमटासारखा गोल. एलिझाबेथ राणीच्या काळातला, म्हणजे १९५३ नंतरचा, मधे खाली दबलेला. भारत २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे ५ नंबरची मराठा लाइट इन्फंट्री असा १९२२ च्या फेररचनेनंतरचा आकडा आणि वर दबलेला मुकुट, ही जोडी एकत्र येऊच शकत नाही. अशी जोडी मी एकदा सुंदर मखमली पेटीत बघितली आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला मुकुटही दबलेलाच होता, एवढा अपवाद लक्षात ठेवा. पण तो माल तुमच्या-माझ्या खिशाबाहेरचा.

आझाद हिंद सेनेचे बिल्ले आणि पट्टे म्हणून जे विकलं जातं त्याला कागदोपत्री आधार नसेल तर घेऊ नका. त्या नावाबद्दल आपल्या मनात जो आदर आहे, त्याच्यावरच ही बनावटगिरी चालते.

मराठा पलटणीचा शिपाई उभा करायचा आहे. कमी खर्चात काय काय लागेल?

आधी कोणतं वर्ष आणि कोणती जमीन ते ठरवा. “जुना मराठा सैनिक” असं काही नसतं. आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारात ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं. तो शिपाई उभा करायचा तर खाकी ड्रिलचा, जवळपास गुडघ्यापर्यंत येणारा, छातीपर्यंतच उघडणारा कुर्ता, पायाला लोकरी पट्ट्या आणि डोक्याला फेटा. नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ ला लढता लढता पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या पलटणीतला जवान दाखवायचा तर जुलैचा उन्हाळा आहे, खाकी ड्रिल हवी. तिथे जाड लोकरी बॅटलड्रेस घातला की सगळं चुकलं. तोच बॅटलड्रेस त्याच इटलीतल्या हिवाळ्यासाठी बरोबर ठरतो.

पहिल्या महायुद्धाचा शिपाई त्यातल्या त्यात स्वस्त, कारण जवळजवळ सगळं इथे शिवून होतं. शाळेच्या गणवेशांच्या दुकानात खाकी ड्रिल मीटरवर मिळते. हात लावून बघा: तिरप्या रेघांची वीण हवी, शंभर टक्के सूत हवं, आणि रंग पिवळट मातकट हवा, पोलिसांसारखा तांबूस नको. रंग जास्त भडक वाटला तर कापड आधी दोन-तीनदा सोड्यात धुऊन उन्हात वाळवा, मगच शिवायला द्या. आटायचं ते आधीच आटतं. कुर्त्याला साधारण तीन मीटर लागतं. शिंप्याला जुन्या फोटोची मोठी प्रत द्या आणि तोंडी समजावत बसू नका. आणि त्याला बजावून सांगा, ओव्हरलॉक मारू नको. आतली शिवण दुमडून घालायची, हे न सांगितल्यामुळे माझे दोन कुर्ते वाया गेले.

पायाच्या पट्ट्यांसाठी सर्जच्या जुन्या ब्लेझरचं किंवा घोंगडीच्या मऊ जातीचं कापड चार इंच रुंद कापून जोडता येतं. बांधताना पायदळाच्या शिपायाने घोट्यापासून सुरुवात करून गुडघ्याखाली संपवायचं, घोडदळाच्या स्वाराने उलट, वरून खाली. प्रेक्षकांत एखादे निवृत्त सुभेदार बसलेले असतातच, आणि त्यांचं लक्ष पहिल्यांदा पायांकडे जातं.

बुटांचं काय?

जुने अस्सल बूट घालू नका. चामडं तडकतं आणि बूटही जातो, पायही. साधे काळे, पुढच्या टोकावर चामड्याची वेगळी टोपी (टो-कॅप) नसलेले चामडी बूट घेऊन मोच्याकडून तळाला खिळे आणि टाचेला नाल मारून घ्या. फरशीवर घसरतात, म्हणून रंगमंचावर आधी चालून बघा.

अस्सल कपडा घालून प्रसंग उभा करायला काय हरकत आहे?

घामाने लोकर कुजते, काखेची शिवण उसवते, आणि ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू एका दुपारी फाटते. शिवाय ती बसतही नाही. त्या काळचे जवान किरकोळ अंगाचे होते, माझ्याकडच्या बहुतेक पँटी कमरेला अठ्ठावीस-तीसच्या आहेत. माझा नियम सोपा: घालायचं ते शिवलेलं, जपायचं ते अस्सल. पितळी बटणं आणि बकल तेवढी अस्सल वापरली तर चालतात, त्यांना काही होत नाही.

नाटकाच्या कपडेपटातून भाड्याने आणलं तर?

एका दिवसाच्या चित्ररथाला चालेल. पण तिथला “फौजी ड्रेस” म्हणजे बहुधा पोलिसाचा शर्ट, एनसीसीची टोपी आणि मुलांच्या खेळण्यातली पदकं. पदकं काढून ठेवा. कोणीतरी जिवावर उदार होऊन मिळवलेली खूण सजावटीला लावायची नसते.

परदेशातून ऑनलाइन मागवणं स्वस्त पडतं का?

इंग्लंडमध्ये १९३७ च्या नमुन्याचे पट्टे आणि पिशव्या पुष्कळ आहेत, आणि कधी कधी त्यातल्या हिंदुस्थानात बनलेल्या वस्तूंना तिथे कमी भाव येतो, कारण वीण जाडीभरडी असते. आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. पण टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशोब करा. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, म्हणून कपडे मागवायच्या फंदात पडू नका.

इथून बाहेर विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाचा कोट आता त्या वयाचा झाला आहे.

संगीन किंवा तलवार सोबत हवी असेल तर?

सागवानी लाकडाची करून घ्या. शस्त्र कायद्याच्या भानगडीत छंद संपतो.

एका घरी आजोबांचा फौजी कोट आहे, घरचे स्वस्तात द्यायला तयार आहेत. घ्यावा ना?

या प्रश्नाला मी थोडं सविस्तर उत्तर देतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

निफाड तालुक्यात एका वस्तीवर मला बोलावलं होतं. डिसेंबर होता, आणि निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. नातवाने कांद्याच्या चाळीतून एक जाड लोकरी ओव्हरकोट आणला. रात्रपाळीची लाइट आली की तो घालून घरातलं कोणीतरी कांद्याला पाणी भरायला जायचं. आत शिक्का, १९४२ साल, बटणं सगळी जागच्या जागी. नातवाने जी किंमत सांगितली ती ऐकून माझे हात थरथरले, इतकी ती कमी होती. मी पाकीट काढलंही होतं. तेवढ्यात आजी ओट्यावरून म्हणाल्या, “न्या बाबा, पण त्याच्या आतल्या खिशात ह्यांचं पेन्शनचं पुस्तक असायचं, ते हाये का बघा.” पुस्तक नव्हतं. पण त्या वाक्यानंतर मला तो कोट त्या किमतीला घेता येईना.

मी त्यांना बाजारात त्याला साधारण काय मिळेल ते सांगितलं, कोट कसा जपायचा ते दाखवलं, फोटो आणि मापं घेतली. तो अजून त्यांच्याच घरी आहे, फक्त आता चाळीत नाही, कपाटात आहे. पाणी भरायला नातवाने नवं जॅकेट घेतलं. माझ्या वहीत त्या कोटाची चार पानं आहेत, आणि त्याच मापांवरून शिवलेला कोट आम्ही दोन कार्यक्रमांत वापरला.

म्हणून विचाराल तर: आधी खरी किंमत सांगा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय घेऊ नका. घेतलाच तर माणसाचं नाव, गाव, पलटण, कुठे लढला, कोणी दिला, हे त्याच दिवशी लिहून कोटाच्या खिशात चिठ्ठी ठेवा. आणि कोट गोधडीत गेला असेल, तर गोधडीला कात्री लावू नका. पातळाच्या आणि धोतराच्या तुकड्यांमध्ये खाकी चौकोन टाचलेल्या गोधड्या मी पाहिल्या आहेत. त्या तशाच राहू द्याव्यात.

पावसाळ्यात बुरशी येते, लोकरीला कसर लागते. काय करू?

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्या. कडक उन्हात नको, रंग उडतो. नवीन आणलेला लोकरी कपडा घरातल्या बाकीच्यांत लगेच मिसळू नका. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. कसर आणि तिची अंडी मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर एक दिवस बंदच राहू द्या, नाहीतर कपड्याला दव सुटतं.

एरवी ठेवताना प्लास्टिक नको. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा, घडीच्या जागी मलमलीची गुंडाळी घाला म्हणजे कापड मोडत नाही. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. आपल्या आज्या शालूंसाठी हेच करत. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडाला आणि पितळेला लागू देऊ नका. लोकरीचे कपडे धुऊ नका, मऊ ब्रशने हलकेच झटका.

पितळी बटणांवर हिरवा कळंक चढला असेल तर लाकडी काडीने खरवडून कोरड्या फडक्याने पुसा. पॉलिश रोज घासलं तर अक्षरं झिजतात. चिंच आणि लिंबू देवघरातल्या भांड्यांसाठी ठेवा.

कॉलरच्या आत नंबर आणि नाव लिहिलेलं आहे. माणूस सापडेल का?

कधी कधी सापडतो. नंबर, नाव, हुद्दा जसाच्या तसा उतरवून घ्या. हुद्द्यावरूनही काळ कळतो: जमादार असं लिहिलं असेल तर १९६५ च्या आधीचं, कारण त्यानंतर तो हुद्दा नायब सुभेदार झाला. पहिल्या महायुद्धाचं पदक सोबत असेल तर त्याची कड बघा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लढाईत गेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत शोधता येतात. परत आलेल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, कुटुंबाला सोबत घेऊन.

आणि गावात जा. कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर नुसता आकडा असतो, नावं नसतात. नावं पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारावी लागतात. जाताना वही, पेन आणि तो शर्ट बरोबर न्या. शर्ट हातात घेतला की लोकांना आठवतं.